आलेच हं

बाळंतपण कोणाकडे करायचं, हा प्रश्न आपल्या घरात उठेल असं मोठ्या सिस्टरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. ज्या घरात सुतार राहतो, तिथे दाराची बिजागरी कोण बसवणार असं कोणी विचारतं का?

सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते. उंच बांधा, कमी बोलणं, आणि चालताना चपलेचा आवाज म्हणून नाही. त्यांच्या हातून चार हजारांच्या वर बाळं जगात आली होती. विभागात सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत, पुढे गल्लीही तेच म्हणू लागली. नवरा लवकर गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. त्याच्यासाठी त्यांनी कायमची सकाळची ड्यूटी मागून घेतली, आठ ते दोन. दोनला समोरच्या कारखान्याचा भोंगा वाजला की दोन दहाची बस, आणि अडीचला मुलगा शाळेतून यायच्या आत दाराचं कुलूप काढलेलं. मुलगा आता एकतीस-बत्तीसचा होता, लिफ्ट दुरुस्त करत होता, त्याच्याकडे स्वतःची किल्ली होती. पण दोन दहाची बस काही सुटली नव्हती.

सून चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर तपासायची. दिवसभर एकच काम: गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की आता?" तिला आई नव्हती. सातवा महिना लागला तेव्हा सिस्टरांनी मनातल्या मनात विभागातली कोपऱ्यातली खाट, त्या दिवशीची ड्यूटी, सगळं ठरवून टाकलं होतं. सुनेला विचारायचं तेवढं राहिलं होतं, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी सून वही घेऊन समोर बसली.

"आई, थोडा वेळ आहे का? बाळंतपणाचं विचारायचं होतं."

"विचार की."

"दोघींना विचारून झालंय. तुम्ही तिसऱ्या."

सिस्टरांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "तिसरी? कसली तिसरी?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा पंख्याकडे बघत होता. "माझ्याकडे बघू नकोस, आई. मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलोय."

"पहिली कोण?"

"मागच्या गल्लीतली सुईण."

"ती? तिला स्वतःच्या चपला सापडत नाहीत!"

"माहितीये. पण तिने खरं सांगितलं. म्हणाली, पोरी, बाळ येईपर्यंत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, पण अडलंच तर माझ्याजवळ हाका मारायला गळा आहे, दुसरं काही नाही. म्हणून तिचं नाव खोडलं."

"आणि दुसरी?"

सून जरा घुटमळली. "रुग्णालयाच्या मागे तीन खोल्यांचं प्रसूतिगृह निघालंय ना, तिथली मिडवाइफ. तुमच्याचकडे शिकली म्हणे."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "रडूबाई?"

शिकाऊ असताना ती मुलगी प्रत्येक बाळंतपणाला रडायची. बाळ रडायच्या आधी ही. सिस्टरांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "ही नोकरी आहे. तुला हे जमायचं नाही." पुढे ती कुठेतरी दोन वर्षांचं वेगळं शिक्षण घेऊन आली होती एवढंच त्यांच्या कानावर होतं.

"ती काय सांगणार? एका वेळी एकच बाई घेते, असंच ना? आमच्याकडे आठ खाटा असतात. आठ! डॉक्टर असतात, रक्त असतं, ऑपरेशनची खोली असते."

"ते लिहिलंय मी. तिचंही रुग्णालयाशी बोलणं झालेलं आहे, काही वाटलं तर स्ट्रेचर मागच्या दाराने चार मिनिटांत. मी तिच्या दारापासून घड्याळ लावून चालून बघितलं." सुनेने पान उलटलं. "आता तुम्हाला एकच विचारते. तिघींना तोच प्रश्न आहे. पहिल्या कळेपासून बाळ हातात येईपर्यंत, मधे कुठेही न जाता, तुम्ही आजवर किती जणींपाशी होतात?"

"चार हजार…" सिस्टर सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या.

चार हजार बाळं झेललेली. पण सकाळी आठला त्या येत तेव्हा कोणाच्या कळा आधीच्या ड्यूटीपासून चालू असत, आणि दोनला निघत तेव्हा कोणाच्या पुढच्या ड्यूटीवर सोडलेल्या असत. मधल्या सहा तासांतही इकडची खाट सोडून तिकडे, तिकडची सोडून इकडे. त्या आठवू लागल्या. एक तरी. पाच तरी असतील. त्यांना एकही चेहरा आठवेना.

"बघून सांगते," त्या म्हणाल्या, आणि आपला आवाज आपल्यालाच परका वाटला.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, तुला नापास नाही करणार कोणी." त्यांना हसूही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या खाटेवर एक पहिलटकरीण होती. वय विशीचं, घाबरून पांढरी पडलेली. सिस्टरांचा हात पाठीवर फिरला की तेवढी शांत व्हायची. दोन वाजता भोंगा झाला. सिस्टरांनी केसपेपर भरला, दुपारच्या बाईंना चार्ज दिला, मुलीची उशी सारखी केली, तिच्या कपाळावरचे केस मागे घेतले आणि म्हणाल्या, "आलेच हं."

हे वाक्य त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं होतं. ड्यूटी संपली असं बाळंतिणीला सांगायचं नाही, ती धीर सोडते. आलेच म्हणायचं आणि निघायचं. सगळ्याजणी तसंच करत. एकतीस वर्षांत ते खोटं आहे असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, खुद्द सिस्टरांच्याही नाही.

मंगळवारी सकाळी त्या मुद्दाम सात नंबरपाशी गेल्या. मुलीच्या कुशीत बाळ होतं.

"झाली की सुटका! कधी झालं?"

"साडेपाचला." मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. "तुम्ही आलेच म्हणालात ना, म्हणून मी दाराकडे बघत होते. दुसऱ्या बाई ओरडत होत्या, इकडे लक्ष दे, जोर लाव. माझं लक्षच लागेना. मला वाटलं तुम्ही येईपर्यंत थांबायचं असतं."

थांबायचं असतं! साडेतीन तास ही पोर दाराकडे बघत, बाळ अडवून धरल्यासारखी पडून होती, आणि त्या वेळी त्या घरी वाळलेले कपडे घड्या करत होत्या. त्यांनी खाटेची दांडी धरली. "सिस्टर, बरं वाटत नाही का?" मुलीनेच उलट विचारलं.

अशा किती जणी? त्या हिशेबाला त्यांनी हात घातला नाही. घातला असता तर त्या दिवशी त्यांच्याच्याने काम झालं नसतं.

घरी आल्यावर चपलाही न काढता त्या सुनेपुढे उभ्या राहिल्या. "लिही तुझ्या वहीत. एकही नाही." आणि मग सात नंबरचं सगळं सांगून टाकलं, 'आलेच हं'सकट.

सुनेने वही उघडलीच नाही. आपण हा प्रश्न विचारायला नको होता असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाली, "आई, मी मिडवाइफकडे नाव घालते."

"रडूबाईकडे." सिस्टर खुर्चीत बसल्या. उत्तर ठाऊक असूनही ते कानफटात बसावं तसं बसलं.

"पण तुम्ही यायचं. बाळंतपण करायला नाही, माझ्यापाशी बसायला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हात लावायचा नाही, तिला शिकवायचं नाही, कुठे जायचं नाही. मला ना, आई, कोणीतरी माझं असं हवंय जे हलणार नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं? बसायचंच तर आहे," सिस्टर म्हणाल्या.

कळा सुरू झाल्या त्या एका गुरुवारी पहाटे पाचला. सातला तिघं प्रसूतिगृहात पोहोचले. स्वच्छ खोली, एक पलंग, एक खुर्ची, भिंतीला धरून उभं राहायला लाकडी दांडा. रडूबाई आता पस्तिशीची, भरलेल्या अंगाची बाई झाली होती. सिस्टरांना पाहून ती शिकाऊ मुलीसारखी ताठ उभी राहिली. "सिस्टर, तुम्ही… बसा ना."

"बसायलाच आलेय," सिस्टर म्हणाल्या, आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या.

बसणं इतकं अवघड असतं हे त्यांना माहीत नव्हतं. नऊला त्यांना वाटलं, एव्हाना तपासायला हवं. रडूबाईने तपासलं नाही, ती सुनेला घेऊन खोलीत फेऱ्या घालत बसली. दहाला ती नुसती पाठ चोळत होती. मधूनमधून बाळाचे ठोके ऐकायची, लिहायची, पुन्हा पाठ. मुलाने दार किलकिलं करून विचारलं, "कितवा मजला?" सून दात आवळून म्हणाली, "तू आत आलास तर तळमजला दाखवीन." दार पटकन लागलं. सिस्टर पाहत होत्या. कळ चढताना सुनेच्या पायाची बोटं कशी वळतात, उतरताना चेहरा कसा सैल होतो, दोन कळांच्या मधे ती क्षणभर कशी चक्क झोपते. चार हजार बाळंतपणं केलेल्या बाईला हे नवीन होतं. बाराच्या पुढे सून फक्त त्यांचा हात धरू लागली. हात लावायचा नाही असं ठरलं होतं, पण सुनेने धरला तर काय करणार?

दोन वाजता कारखान्याचा भोंगा वाजला. एक गल्ली सोडून तर रुग्णालय होतं, इथेही तो तितकाच मोठा ऐकू आला. सिस्टर उठल्या. सुनेची उशी सारखी केली, कपाळावरचे केस मागे घेतले, "आलेच हं" म्हणाल्या आणि पिशवी उचलून बाहेर पडल्या.

दोन दहाची बस वेळेवर आली. दार उघडलं. सिस्टरांचा एक पाय पायरीवर होता, हात पिशवीत पास शोधत होता. रोजचा कंडक्टर म्हणाला, "काय सिस्टर, आज साध्या कपड्यांत? रजा की काय?"

सिस्टरांनी स्वतःकडे पाहिलं. अंगावर घरची साडी. पिशवीत पास नव्हता, सुनेसाठी आणलेला टॉवेल होता.

कोणी खोलीतून ओढून आणून त्यांना इथे उभं केलं असतं तरी एवढा धक्का बसला नसता, कारण कोणी आणलं नव्हतं. आपल्याच पायांनी त्या इथवर आल्या होत्या, आणि वाटेतली एक गोष्ट आठवत नव्हती.

"चढताय ना?" कंडक्टरने विचारलं. तोवर सिस्टर पळत सुटल्या होत्या. एकतीस वर्षांत त्यांना पळताना कोणी पाहिलं नव्हतं. फाटकापाशी एक चप्पल निघाली, ती तिथेच राहिली.

खोलीत सून पलंगावर कुशीवर होती. तिचे डोळे दारावर होते. थेट दारावर.

"गेलात असं वाटलं," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

सिस्टरांना काहीही सांगता आलं असतं. पाणी प्यायला गेले, मुलाला सांगायला गेले. "गेलेच होते गं," त्या म्हणाल्या. "बसच्या पायरीवर पाय ठेवला होता."

पाठ चोळणारा रडूबाईचा हात थांबला. मग पुढची कळ आली आणि सुनेने त्यांचं मनगट असं धरलं की बांगडीचा वळ उठला. "आता… हललात… तर बघा," ती कळेतून म्हणाली. सिस्टरांनी उरलेली चप्पलही काढून टाकली.

बाळ पाच वीसला आलं. मुलगी. बाळाच्या आधी रडूबाई रडली, आणि सिस्टर तिला काही बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, आता तरी चार घास खाऊन घे." सिस्टर म्हणाल्या, "वार पडू दे आधी." ती पडली, पूर्ण आहे हे रडूबाईने दोनदा पाहिलं, तेव्हा त्या उठल्या. पाय बधिर झाले होते.

चार दिवसांनी त्या कामावर गेल्या. तीन नंबरला एक बाई कळा देत होती. दोनचा भोंगा झाला. सिस्टरांनी चार्ज दिला, उशी सारखी केली, आणि तोंडावर आलेलं वाक्य गिळलं.

"माझी ड्यूटी संपली," त्या म्हणाल्या. "मी आता घरी जातेय. मी येणार नाही, वाट बघू नकोस. या बाई आहेत तुझ्यापाशी."

बाई दचकली. दुपारच्या सिस्टर तर हातातला केसपेपर तसाच धरून बघत राहिल्या. असं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. बाईचे डोळे एकदा दाराकडे गेले, मग दुसऱ्या सिस्टरकडे. आणि तिने हात पुढे करून त्या दुसऱ्या सिस्टरांचा पदर घट्ट धरला.

ते बघत दाराशी उभं राहण्यात दोन दहाची बस गेली होती. सिस्टर चालत निघाल्या.