भामाक्काची चार पानं

पासष्टच्या लढाईत सुरुंग फुटून सोनबाचे दोन्ही डोळे गेले. पुढच्या साली तो हिर्डोशीला परत आला तेव्हा त्याला हात धरून एस्टीतून उतरवून घ्यायला भामाबाईच गेली होती. ती त्याची थोरली बहीण. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हापासून ती माहेरीच होती. आई-बाप गेले होते. दोघांचं घर झालं ते असं.

पहिलं वर्षभर सोनबा बोललाच नाही म्हटलं तरी चालेल. अंगणातल्या जांभळीखाली बसून राहायचा. भामाबाई भातलावणीला जायची, नाचणीची भांगलण करून यायची, तर हा सकाळी बसवला तिथंच. त्याच्या ट्रंकेत पत्त्यांचा एक कॅट होता. एक दिवस तिनं तो आणून त्याच्या हातात दिला. त्यानं पानं पिसली आणि किती दिवसांनी त्याचा चेहरा हलला.

"आक्का, चिमाजीला बोलीव," तो म्हणाला.

चिमाजी त्याच्याच पलटणीतला, पेन्शनीत निघालेला. पलटणीत दोघं 'आधाआधा' नावाचा डाव खेळायचे. प्रत्येकाला चार पानं वाटायची, पाच चटईवर उघडायची. हातातली दोन आणि चटईवरची तीन धरून जो सगळ्यात भारी हात जुळवील त्याला निम्मा डाव, आणि जो सगळ्यात हलका जुळवील त्याला उरलेला निम्मा. चिमाजीनं शेजारचे दादू आणि गेनू यांना शिकवलं. दुपारी शेतातून आले की जांभळीखाली चटई पडायची. पैशाच्या जागी चिंचोके. चटईवरची पानं चिमाजी मोठ्यानं सांगे, पण सोनबाच्या हातातली कोण सांगणार? मग भामाबाई त्याच्या पाठीशी बसली.

तिला अक्षर येत नव्हतं. इस्पिकला ती काळं बदाम म्हणायची आणि किलवरला तिपान. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या. उजव्या खांद्यावर बोट टेकलं की इस्पिक, डाव्यावर बदाम, कमरेला उजवीकडे किलवर, डावीकडे चौकट. आणि जितक्या टिचक्या तितकं पान. राजा-राणीसाठी चिमटे. संध्याकाळी चुलीपुढं सोनबा तिला समजावून सांगायचा.

"समदा डाव पयल्या चार पानांत आसतोय आक्का. एक्का हलक्यातबी धरतात आन भारीतबी, म्हून एक्का-दुर्री आली तर हलका वाटा आपला व्हायचा जोर आसतो. त्याच एक्क्याच्या रंगाचं आनखी एक पान आसंल तर पाची एका रंगाची जुळवून भारी वाटाबी मिळंल. निम्म्यासाठी बसायचंच न्हाई, समद्यासाठी बसायचं."

"आन सत्ती-अठ्ठी आली तर?"

"ती मधली पानं. ना हलक्यात ना भारीत. टाकून द्यायची."

दादूला जोडी दिसली की हुरूप यायचा, जोडी नसली की हात नकोसा व्हायचा. गेनू आलेली सगळीच पानं खेळायचा. भामाबाई मात्र चार पानं हातात येताच मनाशी जुळवून बघायची. ही चारही एकमेकांच्या उपयोगाची आहेत का? एखादं पान नुसतंच पाहुण्यासारखं बसलंय का? दोन पावसाळे गेले आणि तिला विचार करावा लागेनासा झाला. मग ती खुणासुद्धा पुऱ्या करीना. पाठीवर तळवा ठेवला की ठेवायची, एक टिचकी मारली की टाकायची. सोनबाचे चिंचोके मडक्यात मावेनात.

एका दुपारी तिनं टिचकी मारली आणि सोनबानं पानं टाकली नाहीत.

"पानं सांग," तो मोठ्यानं म्हणाला.

सगळ्यांसमोर काय करावं तिला कळेना. तिनं हळूच सगळी बोटं उमटवली. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी.

"ओळीनं आल्यात की! खेळतो म्या."

तिनं पुन्हा टिचकी मारली. तो खेळला. चटईवर दुर्री, तिर्री, पंजी, राणी आणि राजा उघडले, आणि दोन्ही वाटे गेनूनं उचलले. दादू हसला, म्हणाला, "सोनबा, आक्काचं ऐकायचं हुतं!"

सोनबाची कानशिलं लाल झाली. घरात गेल्यावर तो म्हणाला, "आजपास्नं तू फकस्त पानं सांगायचीस. टाकायची का ठेवायची ते म्या ठरवीन. डोळं गेल्यात, डोस्कं न्हाई गेलं."

भामाबाईनं भाकरी उलटली. "बरं," म्हणाली. त्या दिवसानंतर ती एक-एक पान सांगत राहिली. तो चुकायचा तेव्हाही तिनं टिचकी मारली नाही. मडकं निम्म्यावर आलं.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा जेवता जेवता त्यानंच विचारलं, "आज ती तीन बदामं हुती, तू काय केलं आसतंस?"

"टाकली आसती. एका रंगाची तीन हातात आसली म्हंजे वापरायची दोनच, तिसरं चटईवर यायचं ते आपल्याच हातात अडकलं."

सोनबानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "पलटणीत कुनाला सुचलं न्हाई ह्ये." दुसऱ्या दिवशी चटईवर बसताना त्यानं तिचा हात घेऊन स्वतःच्या पाठीवर उघडा ठेवला.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. एकाहत्तरच्या श्रावणात सोनबाला कावीळ झाली. घाटाच्या बाजूनं दरड आली होती, एस्टी बंद होती. चौघांनी डोलीत घालून भोरच्या वाटेला लावलं. भामाबाई इरलं त्याच्या तोंडावर धरून सोबत चालत होती. अर्ध्या वाटेत तो गेला. डोली तशीच मागं फिरली.

सोनबाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे आले, जेवले, गेले. महिन्याभरानं चिमाजी दारात उभा राहिला.

"जयभीम, भामाक्का. तेवढा कॅट द्या. माझ्या वट्यावर बसतुया आता."

तिनं ट्रंक उघडली. कॅट हातात घेतला आणि विचारलं, "म्या बी येऊ का, भाऊ?"

चिमाजीनं खाली बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. "आता सोनबा न्हाई, आक्का," तो म्हणाला. "तुमी कुनाच्या पाठीशी बसनार?"

तिनं कॅट दिला.

साळूबाई म्हणून शेजारीण होती, तिला भामाबाईनं एकदा डाव सांगून बघितला. साळूबाईला कौतुक वाटलं, पण तिची पोरं रडत होती, म्हस पान्हवत नव्हती. पुन्हा विषय निघाला नाही.

माघात एकदा गवताचा भारा डोक्यावर घेऊन भामाबाई चिमाजीच्या वट्यामागून चालली होती. दादू तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्याच्या हातातली चार पानं तिला दिसली. बदामाचा एक्का, बदामाचा राजा, दुर्री, तिर्री. असा हात तिला चार वर्षांत दोनदा बघायला मिळाला होता. ती थांबली.

"जोडी न्हाई काय न्हाई," म्हणत दादूनं पानं खाली टाकली.

चिमाजीचं लक्ष गेलं. "काय वं भामाक्का? भारा उतराय पायजे का?"

"न्हाई. जाते," ती म्हणाली, आणि गेली.

संध्याकाळी तिनं हे साळूबाईला सांगितलं.

"मंग बोलायचं की!" साळूबाई म्हणाली.

"कुनी इचारलं न्हाई," भामाबाई म्हणाली, आणि दिव्यात तेल आहे का बघायला उठली.