पोपटीचा वास

माझं अक्षर वाकडं, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. आज रोह्याहून वरसेकडे चालत जाताना बांधावरचा भांबुर्डा पायाखाली चुरडला आणि त्याचा उग्र, ओव्यासारखा वास वर आला. थंडीत आमच्याकडे याच पाल्याची पोपटी लावतात. मडक्यात पाला, वालाच्या शेंगा, मीठ, आणि भोवती पेंढ्याचा जाळ. मला मात्र त्या वासाने एक आजी आठवतात.

तेव्हा मी पेणला, रामवाडीत, शिकायला जात होते. कसलं शिकतेस, असं कोणी विचारलं की लाजून "आजाऱ्यांची सेवा" म्हणायचे. खरं तर जाणाऱ्या माणसाजवळ शेवटपर्यंत कसं बसायचं, ते शिकत होते. शिकवणाऱ्या बाई जुन्या नर्स. त्या म्हणायच्या, "जाणाऱ्याची भूक आधी जाते. घास कोंबू नका. ओठ ओले ठेवा आणि जवळ बसा." ऐकायला किती सोपं! पण आमच्याकडे माया म्हणजे पानात वाढणं. हात रिकामे ठेवून बसायला शिकणं मला फार जड गेलं.

वरसेच्या नव्या बिल्डिंगमधल्या त्या आजी माझ्या पहिल्याच. सारा जन्म आतल्या गावात भात आणि वाल पिकवण्यात गेलेला. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलेलं. सून पेजेची वाटी घेऊन उशाशी, आणि आजी ओठ मिटून भिंतीकडे वळलेल्या. पेज हनुवटीवरून ओघळे, ठसका लागे.

"ताई, तुम्ही तरी सांगा यांना," सून रडकुंडीला आली. "उद्या लोक म्हणतील, सुनेनं उपाशी मारली."

चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. तरी तिच्या हातातली वाटी मी हळूच काढून घेतली. "त्यांची भूकच गेली हाय गो. तुझी माया पोचली त्यांना." मग आजींना विचारलं, काय हवं? भिंतीकडे बघतच त्या पुटपुटल्या, "पोपटी."

सुनेने बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत जाळ केला. मडकं वर आणून उशाशी उघडलं, तशी वाफ खोलीभर पसरली. आजींनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. सुनेने दाणा सोलून पुढे केला, तर त्यांनी तिचाच हात तिच्या तोंडाकडे ढकलला.

"तू खा गो. तुझ्याच पोटात काय नाय."

"आणि तुम्ही?"

"मी वास घेतेय. मीठ कमी पडलंय, तेवढं कळतंय मला."

सून हसता हसता रडली, आणि खाऊ लागली. मी नुसती बसून होते. त्या दिवशी ते जमलं.

थोड्याच दिवसांत आजी गेल्या. ओठ ओले होते, हात सुनेच्या हातात होता. पुढे किती जणांच्या उशाशी बसले. चेहरे एकमेकांत मिसळत गेले, आजींचाही पुसट झालाय. ती सून मात्र दर थंडीत मला बोलावते. आजही तिच्याकडेच जात होते. मडकं उघडलं की आम्ही दोघी आधी वास घेतो, मग शेंगा सोलतो. मीठ ती आता जरा जास्तच घालते.