सशाचा पाय

नात टीव्हीवर जुना कार्टून सिनेमा बघत होती. शेवटी लांडगा सशामागे लागतो, ती पळापळ स्टुडिओतल्या आम्ही बायकांनी रंगवलेली. पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर पुढून रेषा असत, रंग मागून भरायचा. एकेका उडीला दहा-बारा चित्रं. पडद्यावर सगळं धावतं, पण ते धाववणाऱ्या बायका दिवसभर जागच्या हलत नसत.

माझ्याकडे लांडगा होता, शेजारच्या कुसुमकडे ससा. तिला नीट दिसेनासं झालं होतं, रंग रेषेबाहेर जायचा.

"साहेबांना सांगू नकोस गं, घरात मीच कमावती आहे."

मी तिची चित्रं गुपचूप खरडून नीट करायचे. त्यात माझं काम मागे पडलं.

साहेब ओरडले, "बाई, तुमचा लांडगा झोपलाय का?"

मी घाबरून कुसुमचं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. उरलेला ससा मीच रंगवला.

"आजी, वाचला ससा!" नात ओरडली.

मला मात्र क्षणभर सशाच्या पायाचा रंग रेषेबाहेर दिसला. ते एक चित्र खरडायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.