कडेचा हात

अंबडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत संपतराव साळवे राहतात. संपतराव म्हणून विचाराल तर कोणी सांगणार नाही; "फोटोवाले मामा" म्हणा, कोणीही घरापर्यंत आणून सोडेल. निम्म्या तालुक्याची लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली. गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून देण्यातही मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरचे जुना ग्रुप फोटो घेऊन येत आणि म्हणत, "मामा, ह्यातून आमच्या आबाला तेवढं काढून द्या." मामा आबाला चार माणसांतून सोडवून आणत, फेटा सरळ करत, मागे निळं आभाळ टाकत. कार्यक्रमाच्या दिवशी लोक म्हणत, आबा आत्ता बोलतील.

आणि या माणसाच्या घरात बायकोचा फोटो नाही.

बेबीनंदाबाईंना जाऊन काही वर्षं झाली. त्या गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मामांनी भिंतीला खिळा ठोकला आणि आधार कार्डावरचा फोटो मोठा करायला घेतला. मोठा झाल्यावर त्यांच्याच तोंडून निघालं, "ही कोण?" तो त्यांनी लावला नाही. लग्नातला म्हणावा, तर यांच्या लग्नात फोटो काढणाऱ्या मित्राचा रोल कॅमेऱ्यात अडकलाच नव्हता. दिवसभर सगळ्यांनी उगाच माना सरळ धरल्या. पुढे मामा दर लग्नात सोबत आलेल्या बायकोला म्हणायचे, "रोलमधला शेवटचा तुझा." आणि दर लग्नात शेवटी कोणाचा तरी मावसा धावत यायचा. पाहुण्याला नाही कसं म्हणणार? बाईच म्हणायच्या, "घ्या त्यांचा. मी कुठं पळून चालले?"

तर तो खिळा रिकामाच राहिला. आल्यागेल्याची नजर आधी तिथेच जायची. फोटोवाल्याच्या घरी फोटो नाही, कमाल आहे, असं पाहुणे म्हणत. मामांना मेल्याहून मेल्यासारखं होई. मूलबाळ नव्हतं. दुकान बंद झालेलं, निगेटिव्हची पोती फिल्ममधली चांदी काढणाऱ्याने कधीच नेलेली. दुपारी मामा दारात खुर्ची टाकून बसत. लोक जाता जाता "काय मामा, बरंय का?" विचारत आणि उत्तराला थांबत नसत.

म्हणून कॉलेजातले आदिनाथ सर परीक्षक व्हायला बोलवायला आले, तेव्हा मामांनी आढेवेढे घेतले नाहीत. जिल्ह्यातल्या हौशी लोकांची फोटो स्पर्धा होती. विषय, रेषा आणि पुनरावृत्ती. "म्हणजे एकच वस्तू पुन्हा पुन्हा," सरांनी समजावलं. मामांच्या मनात आलं, मग माझ्या दिवसाचाच काढा की. इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधीच जाऊन बसले.

कॉलेजच्या हॉलमध्ये लांब टेबलांवर फोटो मांडले होते. नावं झाकलेली, वर नुसते नंबर. मोसंबीच्या ओळी, लोखंडी सळयांच्या थप्प्या, राजूरच्या देवळाच्या पायऱ्या, मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मामांचं लक्ष सवयीने आधी कडांवर जाई. "हे बघा सर, कुत्र्याचं शेपूट आलंय. ह्याच्यात मोटरसायकलचा आरसा. ह्याला कोपर दिसलं न्हाई का काढताना? कडा साफ पाहिजे, बिलकुल साफ." एकेक फोटो बाजूला पडत गेला. सर हसून म्हणाले, "मामा, तुम्ही तर कोणालाच ठेवू न्हाई राह्यले." मामा पुष्कळ दिवसांनी खुशीत होते.

मग सरांनी एक फोटो पुढे सरकवला. अंगणात लग्नाचे जुने फोटो एकाखाली एक ओळीने मांडून कोणीतरी वरून टिपले होते. तेच नवरा-नवरी, त्याच दोन खुर्च्या, आजूबाजूला प्रत्येक वेळी वेगळे पाहुणे. "विषयाला बराबर धरून आहे," सर म्हणाले. "फक्त तुमची ती कड! हर फोटोत उजवीकडून एक हात आलाय. तेवढा कापला असता, तर पहिला नंबर हाच होता."

मामांनी चष्मा पुसून पाहिलं. हिरव्या बांगड्यांचा हात, हातात काठी, काठीला बांधलेला फ्लॅश. मनगटावर पुरुषी घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली.

ते घड्याळ मामांचंच होतं. काच चमकून फोटो खराब होऊ नये म्हणून बेबीनंदाबाई ते असं फिरवून घालत. दुसरा फ्लॅश धरून त्या नवरा-नवरीच्या बाजूला उभ्या राहत, आणि हात नेहमी कडेला येई. छापून आलेले फोटो घरी आले, की कटर घेऊन बसत आणि स्वतःचाच हात सफाईने कापून टाकत. मामा म्हणत, राहू दे एखादा. त्या म्हणत, "गिऱ्हाईक इचारंल ना, ह्यो कोणाचा हात मधीच?" कापलेल्या पट्ट्यांनी त्या चूल पेटवत. पण राजूरच्या या लग्नाचे फोटो आले तेव्हा त्या तापाने पडून होत्या, आणि घाई करणाऱ्या लोकांना मामांनी पाकीट तसंच दिलं होतं. कापायला ती नव्हती म्हणून ती राहिली होती.

"मामा? किती मार्क देऊ राह्यले?"

"मला ह्याला मार्क देता येत न्हाई, सर," मामा म्हणाले. "घरचं माणूस हाय त्याच्यात." आणि बोट त्या हातावर ठेवून ते हॉलमधल्या सगळ्यांसमोर रडले. सरांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि नंबर स्वतःच दिला, दुसरा.

बक्षिसाच्या दिवशी फोटो काढणारी पुढे आली. राजूरची तृप्ती, लग्न तिच्या आईचं. मामा कार्यक्रमभर तिची वाट पाहत कोपऱ्यात उभे होते. "बाई, मला ह्याची एक कॉपी पाहिजे. खर्चा मी देतो."

पोरगी खूश झाली. हाताबद्दल सर काय म्हणाले ते तिच्या कानावर गेलं होतं. ती म्हणाली, "खर्चा कशाला, मामा? आन् तो हात काढूनच देते ना. मोबाईलवर जल्दी निघतो, कळत बी न्हाई कोणाला."

"न्हाई न्हाई!" मामा एवढ्या जोरात म्हणाले, की लोक वळून पाहू लागले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाकीचे सगळे काढ, मंग चालंल. हात राहू दे."

तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने काहीच न काढता फोटो चांगला मोठा करून पाठवला. मामांनी फ्रेम केली. आयुष्यभर कटर चालवलेल्या माणसाने या फोटोची कड केसभरही कापली नाही. खिळ्यावर फ्रेम चढवली, मेणबत्ती लावली आणि बसस्टँडवरून आणलेला झेंडूचा हार घातला.

मागे सरून पाहिलं, तर हार दोन्ही बाजूंनी खाली आला होता. नवरा-नवरी, खुर्च्या, पाहुणे, सगळे मधोमध छान दिसत होते. उजवी कड तेवढी झेंडूखाली गेली होती.

मामा पुढे झाले, हार काढला आणि खाली मेणबत्तीजवळ ठेवला.

"राहू दे," ते फोटोकडे बघून म्हणाले. "तुला हार नको."

तेव्हापासून त्या फोटोला हार नाही. पाहुणे विचारतात, कोणाचं लग्न हे? मामा चहा ठेवायला आत जातात.