माझ्या पत्रकातलं भुकेलं मांजर

मांजर ज्वारीच्या पोत्याला बांधलेलं होतं. गळ्यात सुतळी आणि सुतळीचं दुसरं टोक पोत्याच्या कानाला. आप्पांनी कोठीचं कुलूप काढून दार ढकललं, उजेड आत पडला आणि मांजराने तोंड उघडलं. आवाज आला नाही. ते उठलंही नाही.

पांढरी मांजरी होती. तिच्या फासळ्या दारातूनच दिसत होत्या.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"आज चौथा," वैजनाथआप्पा म्हणाले.

"खायला काय दिलं?"

"काहीच न्हाई."

"आणि पाणी?"

"तेबी न्हाई."

 आप्पा उमापुरातले किराणा दुकानदार. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, मापाला चोख माणूस. मी गेवराईच्या शफाखान्यातला, सरकारी दवाखान्यातला, टीकेवाला. म्हणजे नस्तराच्या बारीक पात्याने दंडावर चीर पाडून टीका, लस, भरतो; लोक त्याला देवी काढणं म्हणतात. थंडी सुरू झाली की आमच्यावर दुसरं काम येतं. घरोघर जाऊन विचारायचं, उंदीर पडला का? 'उंदीर पडणे' म्हणजे कोणी न मारता उंदीर आढ्यावरून मरून खाली पडणे. प्लेगची ती पहिली खूण. एक उंदीर पडला की घर रिकामं करायचं, चार पडले की अख्खं गाव माळावर झोपड्यांत न्यायचं. त्या सकाळी मी त्याच कामावर होतो.

माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला ती आवरायचीही नव्हती.

"आप्पा, रोज महादेवाला बेल वाहता ना? आणि घरातला मुका जीव चार दिवस उपाशी? कुठल्या शास्त्रात लिहिलंय हे? कोणी शिकवलं तुम्हाला?"

आप्पांनी वाद घातला नाही. ते आत गेले. देवळीत समईशेजारी घडी करून ठेवलेला एक कागद त्यांनी आणला आणि माझ्या हातात दिला.

"वाचा. शेवटचं पान."

कागद मी पाहताक्षणी ओळखला. 'घरोघर मांजर पाळा' हे चार पानी पत्रक. पावसाळ्यात शिळाछापावर काढलेलं, तहसीलची मोहर उमटवलेलं, तालुक्यात गावोगाव वाटलेलं. चौथ्या पानावर लिहिलं होतं: 'मांजरास दूधभाकर घालून लाडावू नये. भुकेले मांजरच उंदीर मारते.'

ते पत्रक मी लिहिलं होतं.

ती ओळ कशी आली तेही मला आठवलं. शेवटचा परिच्छेद ढिला वाटत होता. ही ओळ घातली आणि त्याला जोर आला. मित्रांना वाचून दाखवली तेव्हा सगळे म्हणाले, वा! मी जन्मात कधी मांजर पाळलेलं नाही.

"मागल्या थंडीत याच कोठीत पहिला उंदीर पडला," आप्पा म्हणाले. "मी शेपटीला धरून उकिरड्यावर फेकला. कुणाला बोललो न्हाई. दुकान बंद पडंल म्हनून. नवव्या दिवशी माझा ल्योक शिवा गेला. एकवीस वर्षांचा व्हता." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "यंदा म्हनलं, सरकारी कागदात हाय तसंच करायचं. कमी न्हाई, जास्ती न्हाई. आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?"

मी कागद घडी करून त्यांना परत दिला.

त्यांच्या मागे त्यांची थोरली बहीण उभी होती. गंगूआत्या. विधवा, साठीच्या पुढची, घरातली गुरं-मांजरं तिच्याकडे. ती म्हणाली, "आता तरी सोडू का रे आप्पा? लिवणाराच दारात आलाय."

आप्पांनी होकाराची मान हलवली. आत्याने सुतळी विळ्याने कापली. तेव्हा मला दिसलं की ज्या पोत्याला मांजरी बांधली होती, त्याच पोत्याला खालून उंदरांनी भोक पाडलं होतं. ज्वारी जमिनीवर सांडली होती. उंदीर तिच्यापासून दोन हातांवर जेवून गेले होते.

"आप्पानं किल्ली कमरेला लावलीती," आत्या म्हणाली. "मी दाराच्या फटीतून पानी सोडायचे. जेवढं तिच्याकडं व्हाईल तेवढं. म्हनून तर जिती हाय. अन् हिला पिल्लं हायत. गोठ्यात, कडब्यात. तीन."

मी धावत जाऊन वाटीभर दूध आणलं. तेवढंच मला सुचलं. आत्याने माझा हात धरला.

"वाटी सगळी पाजतोस? मारायचं हाय का तिला? चार दिसाचं पोट हाय ते. आदी कोमट पानी. बोटानं."

मग तिने जे केलं ते मी लिहून ठेवतो, कारण पत्रकात ते असायला हवं होतं.

मांजरीला जुन्या लुगड्यात गुंडाळून तिने सुपात ठेवलं आणि सूप गोठ्यात नेलं, उन्हाच्या तिरपेला. कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून ओठांच्या कडेला टेकवला. पिळला नाही, नुसता टेकवला. थोड्या वेळाने पुन्हा. मांजरी जीभ बाहेर काढायला लागली तेव्हा त्या पाण्यात चमचाभर शेळीचं दूध घातलं. दुपारपर्यंत असं थेंब थेंब चाललं. मी मध्ये म्हणालो, जरा जास्त देऊ. आत्या म्हणाली, "तुझ्या नस्तराची घाई हितं नको."

पिल्लांचे डोळे नुकते उघडलेले होते. चार दिवस आत्या त्यांना शेळीचं दूध चोखवत होती, तरी एक गार पडलं होतं. आत्याने ते पदराने झाकून बाजूला ठेवलं. उरलेली दोन तिने मांजरीच्या पोटाशी लावली.

"दूध नाही तिला," मी म्हणालो.

"ओढल्याशिवाय येतंय व्हय?"

तोवर त्यांनाही बोळ्याने पाजायचं. पाजून झालं की ओल्या फडक्याने पोटाखाली हलकेच पुसायचं. कशासाठी, मी विचारलं. इतकी लहान पिल्लं आपली आपण मुतत नाहीत. आईची जीभ ते करवते. आई निपचित पडली की ते माणसाने करायचं. दंडावर नस्तर चालवणारा मी, मला हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी देवी काढायचं काम उरकून पुन्हा गोठ्यात जाऊन बसलो. आत्या बोळा धरून होती.

"लिवलंस तवा मांजर बघितलं तरी व्हतं का?"

"बघितलं होतं."

"पाळलं व्हतं?"

"नाही."

"मंग इचारलं कुणाला?"

"कुणालाच नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला इचारायचं व्हतंस. मी काय लई लांब राहते का? पोट भरलेलं मांजर खेळता खेळता उंदीर मारतंय. उपाशी मांजर एक उंदीर खातंय अन् निजतंय. अन् मंग जिथं भाकर मिळंल त्या घरी जातंय."

तिसऱ्या दिवशी मांजरीला अंगात बळ यायला मांस-मासळी हवी होती. आप्पांचं घर लिंगायतांचं, मासळी वर्ज्य. एरवी मांजरी गोदाकाठाहून मासळी विकायला येणाऱ्या भोईणीच्या पाटीमागे जाऊन आपलं ती मिळवायची, घराचा संबंध नसायचा. आता तिला उठता येत नव्हतं. मी भोईणीला गाठून माशांची दोन मुंडकी मागून आणली. ठेवायला काही नव्हतं म्हणून नस्तराच्या पिशवीत टाकली.

आप्पा ओट्यावर बसले होते. "काय वास येतोय हो?"

"मासळी आहे, आप्पा. मांजरीसाठी."

"माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाई हां!" मग जरा थांबून म्हणाले, "गोठ्याला मागून दार हाय."

मागून गेलो. मांजरी पुढच्या पायांवर उठली आणि खाल्लं. आत्या तोंड फिरवून बसली होती, पण विचारत होती, "खाल्लं का? काटा काढलास का?"

त्याच तीन दिवसांत मी गावातली सगळी घरं फिरलो. उंदीर पडला का, हे विचारताना दुसरंही विचारलं, मांजर कुठं आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच. गेलं. कागदात होतं म्हणून भाकर बंद केली, चार-आठ दिवस दारात ओरडलं, मग दिसलं नाही. म्हणजे थंडीच्या तोंडावर, ज्या महिन्यांत मांजर घरात हवं, त्याच महिन्यांत मी तालुक्यातली मांजरं घरांतून हाकलली होती.

मी गेवराईला जाऊन तहसीलच्या पेशकारांपुढे उभा राहिलो. पेशकार म्हणजे तहसीलदारसाहेबांपुढे कागद ठेवणारा अंमलदार. पत्रकावर मोहर त्यांनीच मिळवून दिली होती. मी म्हणालो, ती ओळ रद्द केल्याची दवंडी गावोगाव व्हायला पाहिजे.

"मियाँ," ते म्हणाले, "इश्तिहार पर सरकारी मोहर है. आज बोलोगे ये ग़लत था, तो कल लोगां टीके को भी ग़लत बोलेंगे."

"टीका खरा आहे साहेब. ओळ खोटी आहे."

"ओळ किस की?"

"माझी."

"तो चुप बैठो. तुम्हारी इज़्ज़त बचेगी."

"माझी वाचेल. मांजरं नाही वाचणार. आणि उंदीर पडले तर माणसंही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दवंडी नहीं होगी. तुम दौरे पे जाते, अपने मुँह से जो बोलना है बोलो. मैं ने कुछ सुना नहीं."

मला त्यांचा फार राग आला. सरकारी दफ्तराला चूक कबूल करायची नसते, तिथे माणसापेक्षा मोहर मोठी, हे मी आजही म्हणतो. पण त्यांचं एक म्हणणं खरं निघालं, तेही लिहिलं पाहिजे.

मी दौत आणि लेखणी पिशवीत घातली. ज्या ज्या घरी पत्रक सापडलं तिथे मागून घेतलं, ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'मांजरास दोन वेळा खाऊ घालावे. पाणी ठेवावे. बांधू नये.' गेवराईच्या पलीकडच्या एका गावात, चावडीपुढे, एका जवान गड्याने मला सर्वांदेखत विचारलं, "आज हे खोडतोस. उद्या टीका बी खोडशील का बे?" लोक हसले. त्या गावात त्या दिवशी कोणी दंड पुढे केला नाही. दुसऱ्या गावातही तीन आयांनी लेकरं घरात नेली. माझ्या एका जोरदार ओळीपायी ती लेकरं देवी न काढता राहिली. पुढच्या महिन्यात मी दोन्ही गावांत परत गेलो. काहींनी काढून घेतल्या, काहींनी नाही.

उमापूरची मांजरी जगली. दुसरं एक पिल्लू पाचव्या दिवशी गेलं, एक राहिलं. मांजरी पुन्हा कधी त्या कोठीत शिरली नाही. दार सताड उघडं असलं तरी ती उंबऱ्यापाशी थांबते आणि वळते. पिल्लू मात्र जातं. आत्या त्याला सकाळ-संध्याकाळ ताकातली भाकर कुस्करून घालते, आणि ते आप्पांच्या गादीसमोर मेलेले उंदीर आणून टाकतं. त्या थंडीत आप्पांच्या कोठीत उंदीर आपोआप पडला नाही. मांजरामुळे की नशिबाने, मला सांगता येत नाही. पूर्वी मी ठामपणे सांगितलं असतं.

यंदा नवं पत्रक लिहिलं. छापायला देण्याआधी उमापूरला गेलो आणि गोठ्यात बसून आत्याला सगळं वाचून दाखवलं. अन्न, पाणी, मोकळी मान, व्यालेल्या मांजरीची जागा, आजारी मांजराला थेंब थेंब पाजणं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"वाट न्हाई लिवली."

"कसली वाट?"

"दार लावलं तरी मांजराला बाहेर जायला भोक पायजे की. ते गेलं तरच येतंय."

मी ते लिहून घेतलं.

निघताना आप्पांना नवा कागद छापून आला की पाठवतो म्हणालो. त्यांनी देवळीकडे पाहिलं. जुना कागद तिथेच होता, माझ्या शाईची काळी रेघ वरून दिसत होती.

"नवा कशाला? ह्योच राहू द्या."

"त्यात चूक आहे, आप्पा."

"हाय की. पर ह्यात ती खोडलेली दिसतीया."

तेव्हापासून मी एक करतो. जी ओळ लिहिताना मला फार आवडते, ती आधी गोठ्यात वाचून दाखवतो.