केसांना पुसलेली शाई

आज बँकेत एका म्हातारीने अंगठा उठवला आणि बोटाची शाई केसांना पुसली. मला शिसारी आली. तिची नव्हे, माझी.

नव्या औषधाच्या चाचणीसाठी इस्पितळात माणसं मिळवणं हे माझं काम होतं. संमतीचा कागद वाचून दाखवायचा, मग त्यावर अंगठा घ्यायचा, असा नियम. मी नुसता अंगठाच घ्यायचो.

"काय लिवलंय रं दादा?" उपचाराला आलेल्या गोदामावशींनी विचारलं होतं.

"चांगलं औषध आहे मावशी, फुकट."

ते चांगलं आहे की नाही, हेच त्यांच्यावर पाहायचं होतं. मावशींनी अंगठा केसांना पुसला. "तेवढंच केस काळं झालं," म्हणून हसल्या.

पंधरवड्यात ते केस गळाले. तसं होऊ शकतं, हे कागदावर लिहिलेलं होतं. मी ते वाचलेलं होतं.