चपलांजवळ

"तू इथेच थांब हं. चपलांकडे लक्ष ठेव," नवऱ्याच्या आत्या म्हणाल्या आणि माझ्या हातातलं फुलांचं ताट काढून त्यांनी माझ्या जावेच्या हातात दिलं.

अमेरिकेतल्या देवळात चपला कोण चोरतं? शिकागोजवळचं मोठं देऊळ. चपलांसाठी वेगळी खोली, भिंतभर कप्पे. माझ्या हाताखाली ऑफिसात आठ माणसं काम करतात. आणि मी सिल्कची अंजिरी साडी नेसून सहा जोड राखत उभी. नवरा समोरून आत गेला. मागे वळून बघितलं नाही त्याने.

मी चपला नीट ओळीत लावल्या. त्याचीच आज जास्त चीड येते.

माझं लग्न आंतरजातीय. मी नागपूरची, बौद्ध. नवरा पुण्याचा ब्राह्मण. राहतो टेक्ससमधल्या फ्रिस्कोत. यंदाच्या समर ब्रेकमध्ये आम्ही आणि माझे दीर-जाऊ, एक मिनीव्हॅन भाड्याने घेऊन निघालो. वाटेत देवळं आणि नातेवाईक. शेवटचा मुक्काम न्यू जर्सीला, नवऱ्याच्या मामांकडे. त्याआधी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला या आत्या. दोन्ही भाचे जोडीने अभिषेकाला बसणार, असं आत्यांनीच महिनाभर आधी ठरवलं होतं. साडी मी त्याच्यासाठी घेतली होती.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुले काय करायचं आहे बाप्पा त्यांच्या देवाचं?"

मी चिडले तिच्यावर. खरं सांगते, मला देव नको होता. मला ते बसणं हवं होतं. नवऱ्याच्या उजव्या हाताला पाट, सगळ्यांसमोर. तेरा वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं. जावेला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मिळालं.

आत्यांकडे पोहोचलो त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "नागपूरच्या म्हणजे नेमक्या कुठल्या? माहेरचं आडनाव काय गं तुझं?" मी सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या, आणि साखर घातलेल्या चहात पुन्हा साखर घातली. तोच चहा मी प्यायले. गोडमिट्ट.

आता काचेच्या दारातून मला जाऊ दिसत होती. हिरव्या बांगड्या. पदर खांद्यावरून घेतलेला. गुरुजींनी तिच्या हातावर पळीभर पाणी घातलं, तिने ते बरोबर सोडलं. कुणी शिकवावं लागलं नाही. मी व्हिडिओ बघून शिकले होते. ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, दार लावून. मला तिचा हेवा वाटला. साधासुधा नाही. तिची बांगडी फुटावी असं वाटलं. तिने माझं कधी वाईट केलेलं नाही, हे माहीत असूनही वाटलं.

माझा नवरा त्यांच्या मागे एकटाच मांडी घालून बसला होता. शेजारची जागा रिकामी.

तेवढ्यात माझी मुलगी बाहेर आली. अकरा वर्षांची आहे. म्हणाली, "मॉम, आत्याआजी सेड यू कान्ट कम इन बिकॉज ऑफ युअर पीरियड. बट दॅट वॉज लास्ट वीक."

हो, गेल्याच आठवड्यात. ओक्लाहोमातल्या गॅस स्टेशनवर पॅड घ्यायला तीच माझ्याबरोबर उतरली होती. त्याच दुपारी तिथल्या देवळात जाऊन मी सगळ्यांबरोबर हात जोडले, प्रसाद खाल्ला. देऊळ जागच्या जागी होतं.

"असं कोणी सांगितलं आजीला?" मी विचारलं.

"डॅड टोल्ड हर."

नवरा बाहेर आल्यावर मी त्याला चपलांच्या खोलीतच धरलं. तो हळू आवाजात बोलत होता. जणू मी आजारी आहे.

"आत्याला ऑकवर्ड झालं असतं यार. ती काल रात्री मला म्हणाली, देवाचं काम आहे, काहीतरी बघ. मग मीच म्हटलं, तिचे चार दिवस आहेत. तुझा इन्सल्ट नको व्हायला."

माझा अपमान होऊ नये म्हणून. म्हणजे जात काढण्यापेक्षा पाळी काढलेली बरी. भाच्याने खोटं सांगितलं, आत्याने ते खोटं आहे हे माहीत असून खरं मानलं. दोघंही सुटली. अडकले मी. आणि मुलीला त्या दोघांनी मिळून शिकवलं की आईच्या अंगातच काहीतरी असं आहे, जे दाराबाहेर ठेवायचं असतं.

आत्यांच्या घरी पुरणपोळीचं जेवण झालं. मी जेवले. निघताना आत्यांनी जावेची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. जावेने पदर पुढे केला, त्यात नारळ पडला. मग आत्या माझ्याकडे बघून गोड हसल्या.

"तुझी पुढच्या खेपेला भरते हं. आत्ता तुझं हे असं."

"माझे चार दिवस नाहीत, आत्या," मी म्हटलं. "गेल्या आठवड्यातच झाले. तुम्हाला माहीत आहे. मी बौद्ध आहे, हेही माहीत आहे."

जाऊ खाली बघायला लागली. आत्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यांनी लगबगीने कपाटातून दुसरा नारळ काढला. "अगं, आम्ही काही मानत नाही तसलं. ये, पदर पुढे कर."

तेरा वर्षं मला तो नारळ हवा होता. दोन हातांवर होता. माझा हात पदराकडे गेलासुद्धा, खोटं कशाला सांगू.

"नको," मी म्हटलं. पदर कमरेला खोचला आणि बॅगा उचलल्या.

जावेचा हेवा गेला का? नाही. आजही तिच्या बांगड्या वाजल्या की मला टोचतं. टोचू दे. पण त्यासाठी आता मी कुणाच्या दाराशी साडी नेसून उभी राहणार नाही.

व्हॅनमध्ये सगळे बसले. स्टिअरिंगवर मी होते, नवरा शेजारी, मुलगी मागे, दीर-जाऊ तिच्या मागच्या सीटवर. न्यू जर्सीला मामांकडे होम होता. तिथेही दोन्ही जोड्या बसायच्या होत्या.

"मामांना फोन लाव," मी म्हटलं. "स्पीकरवर. मी कोण आहे ते सांग. मी होमाला बसणार नाही, हेही सांग. आणि का बसणार नाही, ते खरं सांग. मुलीला ऐकू जाईल असं. चालत असेल तर येऊ. नाहीतर तुम्ही तिघं विमानाने जा, मी आणि ती परत जातो."

"आत्ता? आपण वाटेत बोलू ना," तो म्हणाला.

मी किल्ली मुठीत ठेवली. आत्या अजून दारात उभ्या राहून हात हलवत होत्या. त्याने फोन लावेपर्यंत मी गाडी सुरू केली नाही.